जखमेचें मोल : प्रतापगडापासून कामगार-भरपाईपर्यंत

(१)

महाराष्ट्राच्या इतिहाससाधनांपैकीं सनदा, महजर, निवाडपत्रें, करीने व रोजकीर्दी यांची छाननी पुष्कळ झाली आहे. परंतु चाकरी करीत असतां ज्याचा हात तुटला, डोळा गेला किंवा प्राणच गेला, त्याच्या वा त्याच्या कुटुंबाच्या पोषणासंबंधीं जे कागद झाले, त्यांजकडे स्वतंत्र विषय म्हणून पाहण्याची प्रवृत्ति फारशी दिसत नाहीं. लढाईच्या वर्णनाच्या शेवटीं एखादें वाक्य, रोजनिशींतील एखादी नेमणूक, व अलीकडच्या काळांत न्यायकचेरीच्या दप्तरांतील एखादा अर्ज, अशा विखुरलेल्या रूपांत हा विषय पडून आहे. प्रस्तुत लेखांत सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या अनुरोधानें त्याची संगति लावण्याचा प्रयत्न केला आहे.

विचाराच्या सोयीसाठीं आम्ही तीन प्रश्न पुढें ठेवितों. चाकरींत झालेल्या इजेचें देणें कोणावर पडतें? तें देणें धन्याची कृपा समजावी कीं चाकराचा हक्क? आणि त्याचें मोल कशावरून ठरवावें, जखमेवरून, वेतनावरून, कीं पुढें तो मनुष्य कोणतें काम करूं शकेल यावरून? या तीन प्रश्नांचीं उत्तरें निरनिराळ्या काळीं निरनिराळीं दिलीं गेलीं. तीं कालानुक्रमानें पाहूं.

(२)

प्रथम शास्त्रग्रंथ. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत दंडपारुष्याच्या प्रकरणीं असें सांगितलें आहे कीं, एकानें दुसऱ्याचें अंग दुखविल्यास किंवा त्यास जखम केल्यास तो बरा होईपर्यंतचा खर्च इजा करणाऱ्यानें द्यावा. या खर्चास 'समुत्थानव्यय' असा फार अर्थपूर्ण शब्द योजिला आहे. पडलेल्या मनुष्यानें पुन्हां उठून उभें राहावें एवढ्यापुरता जो व्यय, तो समुत्थानव्यय. परंतु येथें देणें उत्पन्न होतें तें अपराधांतून. ज्यानें मारलें त्यानें द्यावें, हा त्याचा पाया. यंत्राच्या दात्यांत बोट सांपडलें, किंवा भिंत कोसळून गवंडी खालीं आला, तर मारणारा कोण? अपराधी सांपडला नाहीं तर या नियमानें जखमी मनुष्याच्या हातीं कांहींच पडत नाहीं. त्याच अध्यायांत आजारी चाकराविषयींहि एक नियम आहे. आजारामुळें ज्याचें काम राहिलें त्यानें बरा झाल्यावर तें कबुलीप्रमाणें पुरें केल्यास, फार दिवस लोटले तरी, त्यास वेतन मिळावें. यांत दया आहे, पण जो कधींच बरा होणार नाहीं त्याची वाट यांत सांगितलेली नाहीं.

ती वाट कौटिल्यानें सांगितली. अर्थशास्त्राच्या पांचव्या अधिकरणांतील तिसऱ्या अध्यायांत राजसेवकांच्या वेतनाचा विचार आहे. कामावर असतां जे मेले त्यांच्या पुत्रांस व स्त्रियांस अन्न व वेतन मिळावें, त्यांचीं लहान मुलें, वृद्ध व आजारी माणसें यांवर राजानें अनुग्रह ठेवावा, आणि प्रेतसंस्कार, आजार, बाळंतपण अशा प्रसंगीं द्रव्य देऊन त्यांचा मान राखावा, असें तेथें विधान आहे. हा ग्रंथ १९०९ सालीं म्हैसूर येथें शामशास्त्री यांनीं छापून प्रसिद्ध केला, तेव्हांपासून त्यावर राजनीतीच्या दृष्टीनें बरेंच लिहिलें गेलें. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतील महत्त्वाची गोष्ट ही कीं, मृत्यु कोणाच्या अपराधानें आला हा प्रश्न तेथें विचारलेला नाहीं. तो कामावर असतां आला एवढें पुरे आहे. देण्याचा पाया अपराधावरून काढून सेवेच्या संबंधावर ठेविला गेला. आधुनिक कामगार-भरपाईचें मूलतत्त्व हेंच आहे, हें पुढें दिसेल.

(३)

आतां आपल्या प्रांतांत येऊं. जावळीच्या रानांत प्रतापगडाखालीं शके १५८१ मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजीं, जी लढाई झाली तिच्या वर्णनानंतर कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत एक तपशील नोंदविला आहे. लढाईंत पडलेल्या लोकांचे पुत्र होते त्यांस महाराजांनीं चाकरींत घेऊन चालविलें. ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निमें वेतन करून दिलें. आणि जे जखमी झाले त्यांस दर असामीस जखम पाहून दोनशें, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन दिले.

बखर ही समकालीन पत्रासारखी प्रथम दर्जाची साक्ष नव्हे. सभासदानें ती सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. म्हणजे प्रसंग व लेखन यांत सुमारें पस्तीस वर्षांचें अंतर आहे. तरी या बखरीचा कर्ता राज्यकारभाराच्या आंतला मनुष्य होता, व जी रीत तो सांगतो ती त्याच्या वाचकांच्या परिचयाची असली पाहिजे. आंकडे बाजूस ठेविले तरी रीतीची साक्ष म्हणून या मजकुराचें मोल कमी होत नाहीं.

त्या मजकुरांतून तीन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, मेलेल्याचें कुटुंब व जिवंत जखमी यांचे दोन वर्ग स्वतंत्र मानिले आहेत. एकास चालू पोषण, दुसऱ्यास एकरकमी द्रव्य. दुसरी, विधवेच्या नेमणुकीचें माप नवऱ्याचें वेतन हें आहे, तर जखमेच्या रकमेचें माप जखम हें आहे. तिसरी गोष्ट सर्वांत लक्षांत घेण्यासारखी. जखमांच्या रकमा पायरीपायरीनें अर्ध्या होत गेल्या आहेत. दोनशांचे शंभर, शंभराचे पन्नास, पन्नासांचे पंचवीस. मोठ्यांत मोठी जखम व लहानांत लहान जखम यांचें प्रमाण आठास एक असें पडतें. कोणीतरी जखमा डोळ्यांखालीं घालून त्यांची प्रत लावली, तेव्हांच असें कोष्टक होतें. शरीराच्या हानीस दर ठरविण्याची कल्पना या भूमींत १६५९ सालीं तरी होती, एवढें यावरून निश्चित म्हणतां येतें.

(४)

पेशवाईंत हीच रीत 'बालपरवेशी' या नांवानें रूढ झालेली दिसते. शब्द मोठा बोलका आहे. पूर्वपद बाल हें संस्कृत, उत्तरपद परवरिश म्हणजे पालनपोषण या फारशी शब्दाचें मराठी रूप. सरकारकामीं पडलेल्या मनुष्याच्या मुलांस वाढविण्यासाठीं दिलेली जमीन, गांव किंवा रोख नेमणूक म्हणजे बालपरवेशी. गणेश चिमणाजी वाड यांनीं सातारकर महाराज व पेशवे यांच्या रोजनिशींतून जे उतारे निवडले, त्यांत अशा नेमणुकांच्या नोंदी आहेत. वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं सरदार घराण्यांचीं दप्तरें आहेत त्यांस हा शब्द अनेकदां भेटला असेल.

कृष्णेच्या दक्षिणेकडील कन्नड शिलालेखांतहि लढाईंत पडलेल्या वीराच्या कुटुंबास दिलेल्या जमिनीस नेत्तरुगोडगे, म्हणजे रक्ताबद्दल दिलेलें दान, असें नांव आढळतें. सातारा-सांगलीकडे गांवोगांवीं वीरगळ उभे आहेत. त्यांवर पडलेल्या वीराचें स्वर्गारोहण कोरलेलें असतें. त्याच्यामागें घरांत काय शिजलें, हें सांगण्याचें काम अशा दानपत्रांचें. दोन्हीं साधनें एकत्र वाचलीं पाहिजेत.

येथें पूर्वपक्ष असा उभा राहील कीं, सर्व कांहीं आमच्याकडे होतेंच, तर मग इंग्रजी कायद्याची मातबरी ती काय? या पूर्वपक्षास उत्तर देणें अवश्य आहे. एक तर वरील सर्व उदाहरणें तलवारीच्या चाकरीचीं आहेत. गड बांधतांना दगडाखालीं सांपडलेला पाथरवट, वेठीनें ओझें वाहतांना घाटांत पाय घसरलेला बिगारी, यांच्यासाठीं अशी सर्वमान्य रीत या साधनांत दिसत नाहीं. दुसरें, बालपरवेशी देणें हें धन्याच्या मर्जीवर होतें. ती मिळाली नाहीं तर विधवेनें विनंतिपत्र लिहावें, पण दावा लावूं नये. आमच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्या काळीं 'कृपा' असें होतें. कृपा उदार असली तरी ती हक्क होत नाहीं.

(५)

कृपेचा हक्क व्हावा ही मागणी मराठी माणसाच्या लेखणीनें प्रथम स्पष्ट मांडली ती मुंबईस. १८५४ नंतर तेथें कापडाच्या गिरण्या वाढल्या, व त्यांत काम करावयास रत्नागिरी व सातारा या जिल्ह्यांतून माणसांचे लोंढे गेले. साताऱ्याच्या कोरड्या पूर्वभागांतील माण, खटाव या तालुक्यांत पाऊस चुकला म्हणजे घाट उतरण्यावांचून गत्यंतर नसे. गिरणींत पट्टा तुटे, चात्यांत बोटें जात, आणि मग तो मनुष्य गांवीं परत येई. गिरणीचा हिशेब तेथें संपे व घराचा सुरू होई.

नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ च्या सप्टेंबरांत गिरणी-कामगारांच्या सभा भरवून सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज कारखाने-चौकशी मंडळापुढें ठेविला. लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व 'दीनबंधु' पत्राचे संपादक. ज्यांच्या शिकवणीचा त्यांनीं अंगीकार केला त्या जोतीराव फुल्यांचें मूळ गांव खटाव तालुक्यांतील कटगुण. त्या अर्जांत रविवारची सुटी, दुपारची अर्धा तास विश्रांति, कामाच्या वेळेची मर्यादा व वेळेवर पगार यांबरोबर शेवटीं हें मागितलें होतें कीं, कामावर असतां भारी इजा होऊन जो कामास निरुपयोगी होईल त्यास बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, आणि जो जन्माचा पंगु होईल त्याच्या उपजीविकेची योग्य तजवीज व्हावी. जर्मनीत अपघात-विम्याचा कायदा त्याच वर्षीं झाला. इंग्लंडांत असा कायदा व्हावयास १८९७ साल उजाडलें. म्हणजे लोखंड्यांनीं मागणी केली तेव्हां राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या देशांतहि ती मान्य झालेली नव्हती. या अर्जास आपल्या सामाजिक इतिहासांत जें स्थान मिळावयास पाहिजे तें अद्याप मिळालेलें नाहीं, असें आमचें मत आहे.

(६)

त्यानंतर एकोणचाळीस वर्षांनीं, १९२३ चा आठवा कायदा म्हणून, कामगार-नुकसानभरपाईचा कायदा मंजूर झाला व १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. काम करितांना व कामामुळें झालेल्या अपघाताची भरपाई मालकानें द्यावी, मग त्याचा अपराध असो वा नसो, हें त्याचें मुख्य तत्त्व. कौटिल्याच्या अध्यायाशीं त्याचें साम्य वर सांगितलेंच आहे. भेद एवढाच, पण तो फार मोठा, कीं येथें राजाऐवजीं हरएक मालक बांधला गेला, आणि चाकराच्या हातीं दावा आला.

त्या कायद्याचे मूळचे आंकडे आतां सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत, म्हणून ते येथें देतों. मृत्यु आल्यास तीस महिन्यांचें वेतन किंवा २,५०० रुपये, यांपैकीं कमी असेल तें. प्रौढ कामगार कायमचा व पूर्ण निकामी झाल्यास बेचाळीस महिन्यांचें वेतन किंवा ३,५०० रुपये, यांपैकीं कमी असेल तें. तात्पुरत्या इजेस पहिले दहा दिवस कांहीं नाहीं (ही मुदत पुढें तीन दिवसांवर आली). अंशतः कायमच्या हानीसाठीं परिशिष्टांत कोष्टक दिलें होतें. उजवा हात कोपरापाशीं वा त्याच्यावर गेल्यास शेंकडा ७०, डावा तसाच गेल्यास ६०. पाय गुडघ्यापाशीं वा वर गेल्यास ६०, गुडघ्याखालीं ५०. एक डोळा ३०. अंगठा २५. एका पायाचीं सर्व बोटें २०. तर्जनी १०. इतर कोणतेंहि एक बोट ५.

हिशेब करून पाहूं. वीस रुपये महिना मिळविणाऱ्या गड्याचा अंगठा गेला, तर बेचाळीस महिन्यांचे ८४० रुपये व त्यांचा चौथा हिस्सा २१० रुपये. उजवा हात गेला तर ५८८. प्राण गेला तर ६००. हात आणि प्राण यांत बारा रुपयांचें अंतर पाहून वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु त्यांत एक कठोर युक्ति आहे. मेलेल्यास स्वतःचें पोट उरत नाहीं, आणि पंगु मनुष्यास तें जन्मभर भरावें लागतें. सभासदाच्या कोष्टकांत जखमेची प्रत होती. या कोष्टकांत जखमेची प्रत व वेतन यांचा गुणाकार आला. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर एक पायरी पुढें गेलें.

(७)

या कायद्याची भूगोलाशीं गांठ पडली म्हणजे सातारा-सांगलीची विचित्र स्थिति समोर येते. कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. कऱ्हाड, वाळवें, खानापूर, तासगांव हे तालुके ब्रिटिश सातारा जिल्ह्यांत होते. त्यांच्या मध्यें मध्यें सांगली, मिरज, जत, औंध या संस्थानांचे मुलूख ठिगळांसारखे पसरले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं ज्या माळावर कारखाना उभारला तो कुंडलजवळचा माळ औंध संस्थानचा. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं तो दिला, व तेथें किर्लोस्करवाडी वसली. या प्रदेशांतील यंत्रोद्योगाचा आरंभच असा संस्थानी भूमीवर झाला. तेव्हां तासगांव तालुक्यांतील कारखान्यांत बोट गमावलेल्या मजुरामागें इंग्रजी कायदा उभा, आणि हद्दीचा दगड ओलांडून कुंडलाकडे गेलेल्या मजुरास दरबारानें स्वतः कांहीं केलें असेल तेवढाच आधार. एकाच भाषेचीं, एकाच नदीचें पाणी पिणारीं माणसें. परंतु तीं कोणाच्या सरहद्दींत जखमी झालीं यावर त्यांचा हक्क अवलंबून होता.

८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतील संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला, व १९६० च्या नोव्हेंबरांत त्यास सांगली हें नांव मिळालें. या राजकीय घडामोडींवर लेख पुष्कळ आहेत. त्यांचा एक परिणाम असा झाला कीं, जखमी हाताचें मोल कृष्णेच्या खोऱ्यांत सर्वत्र एकाच मापानें मोजलें जाऊं लागलें. विलीनीकरणाचा हा लाभ जमेस धरणें न्याय्य होईल.

(८)

आतां दाव्याच्या कागदांविषयीं. आमच्या वाचकांस हा भाग विशेष जवळचा वाटावा. वतनाचा निवाडा जसा महजर व साक्षीपुराव्यावर होत असे, तसा या कायद्याखालील निवाडा कागदांवर होई. अपघात होतांच शक्य तितक्या लवकर मालकास लेखी सूचना द्यावयाची. तींत जखमी मनुष्याचें नांव व पत्ता, अपघाताचें कारण व तारीख असावयाची. मालकानें फुकट वैद्यकीय तपासणी देऊं केल्यास ती करून घ्यावयाची. भरपाई न मिळाल्यास आयुक्ताकडे अर्ज करावयाचा. अर्जाची मुदत मूळ कायद्यांत सहा महिने होती. पुढें ती वाढत जाऊन दोन वर्षें झाली, व सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होई. हक्क सोडून दिल्याचा करार, मग त्यावर अंगठा उठलेला असला तरी, रद्दबातल समजला जाई. मृत्यूच्या प्रकरणीं मालकानें रक्कम परस्पर न देतां आयुक्ताकडे जमा करावयाची होती. अशिक्षित विधवेच्या हातीं थोडकें ठेवून बाकीचें बुडविलें जाऊं नये, हा त्यांतील हेतु उघड आहे. बालपरवेशींत असा पहारा नव्हता.

सर्वांत अवघड प्रश्न मालक कोण हें ठरविण्याचा. सातारा-सांगलीच्या साखर-कारखान्यांकडे दर हंगामास ऊसतोडीच्या टोळ्या दूरच्या दुष्काळी तालुक्यांतून येतात. उचल मुकादमाच्या हातून घेतलेली असते, ऊस शेतकऱ्याचा असतो, आणि गाडी कारखान्याच्या वजनकांट्यावर उभी राहते. कोयता लागून बोट गेलें तर दावा कोणावर? १९२३ च्या कायद्यांत यास उत्तर होतें. मालकानें आपल्या धंद्याचें काम ठेकेदाराकरवीं करविलें, तरी भरपाईपुरता तो माणूस आपणच ठेविला असें धरून मूळ मालकानें द्यावें व मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावें. परंतु हें उत्तर उपयोगी पडावयाचें तर संबंध सिद्ध झाला पाहिजे. हजेरीपटावर नांव नसेल, तर उचलीची चिठ्ठी, वजनाची पावती, दवाखान्याचा कागद, यांवरच सर्व भार येतो. एका चिटोऱ्यावरून इनाम टिकलें किंवा गेलें, अशीं प्रकरणें आपण नित्य वाचतों. येथें तसल्याच चिटोऱ्यावरून एका कुटुंबाची चूल टिकते किंवा जाते.

(९)

तिसऱ्या प्रश्नाचें शेवटचें उत्तर १९७५ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें दिलें. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. कोष्टकाप्रमाणें ती अंशतः हानि. न्यायालयानें म्हटलें कीं, एका हातानें सुतारकाम होत नाहीं, सबब या मनुष्याची हानि पूर्ण धरावी. आणि भरपाई निकालाच्या दिवशीं देय न होतां अपघाताच्याच दिवशीं देय होते. म्हणजे प्रथम जखम पाहिली गेली, नंतर जखमेसह वेतन, आणि शेवटीं तो मनुष्य व त्याचा धंदा.

पुढें आंकडेहि बदलले. २००९ च्या दुरुस्तीनें मृत्यूच्या भरपाईसाठीं मासिक वेतनाचा निम्मा भाग वयाच्या गुणकानें गुणावयाचा व किमान १,२०,००० रुपये द्यावयाचे असें ठरलें. २०२० च्या जानेवारींत हिशेबासाठीं धरावयाच्या वेतनाची मर्यादा १५,००० रुपये झाली. चाळीस वर्षांच्या मनुष्याचा गुणक १८४.१७ धरितां त्या मर्यादेवर ही रक्कम १३,८१,२७५ रुपये येते. २०२५ च्या जुलैंत महाराष्ट्रांतील एका साखर-कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणीं, कामावर जातांना वाटेंत आलेला मृत्यूहि, कामाशीं त्याचा संबंध दिसत असल्यास, कामावरचा मानतां येतो असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०, अमलांत येऊन जुना कायदा तींत सामावला गेला. घरून कामावर जातांना व परततांना होणारा अपघात त्या संहितेंत स्पष्टच घेतला आहे.

(१०)

एवंच, इजेचें देणें सेवेच्या संबंधांतून उत्पन्न होतें हा विचार येथें जुना आहे. जखमेस दर लावण्याची रीतहि जुनी आहे. तलवार न धरणाऱ्या हातासहि तो दर लागावा, आणि तो मागतांना विनंतिपत्राऐवजीं दावा लिहितां यावा, ही गोष्ट मात्र नवी, व ती १८८४ च्या अर्जापासून हळूहळू साधली गेली. दोहोंस आपापलें श्रेय द्यावें.

जातां जातां संग्राहकांस एक विनंति. न्यायकचेऱ्या व जुने कारखाने यांच्या खोल्यांतून भरपाईचे अर्ज, हजेरीपट, अपघाताच्या नोंदवह्या अद्याप पडलेल्या असतील. मुदत संपली म्हणून ते जाळले जातात, वा रद्दींत जातात. प्रतापगडच्या जखमींपैकीं एकाचेंहि नांव सभासदानें लिहून ठेविलें नाहीं. या कागदांत नांवें आहेत, गांवें आहेत, वय आहे, वेतन आहे, कोणतें बोट गेलें तें आहे, आणि खालीं अंगठ्याचा ठसा आहे.  असे कागद हातीं येतील त्यांनीं ते जपून ठेवावे, व त्यांची यादी मंडळाकडे पाठवावी.